‘तुझ्या पगारात ब्युरोची बाईसुद्धा येत नाही’

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी ४१ वर्षांची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली. नाशिकच्या एका ६० खाटांच्या खासगी हॉस्पिटलात ९ वर्षं आयसीयूत आहे. हातात १७,५०० येतात. एका शिफ्टला माझ्याकडे चार पेशंट असतात. बिलात आमच्या नावाने दर पेशंटमागे दिवसाला ९०० रुपये नर्सिंग चार्जेस लागतात. माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेल्या ब्रदरला (पुरुष नर्सला) १९,५०० मिळतात. विचारलं तर मॅनेजर म्हणाले, “त्याला घर चालवायचं असतं.” धाकटे दीर आयटीआय करून अंबडच्या कंपनीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर आहेत, परमनंट. त्यांना ४२ हजार मिळतात.

दोन महिन्यांपूर्वी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आहे, नळीने भरवावं लागतं. सध्या मी रजा आणि नाईट ड्युट्या घेऊन भागवते आहे. घरी पेशंट सांभाळायला बाई पुरवणाऱ्या ब्युरोवाल्यांनी १२ तासांच्या बाईचे १५ हजार आणि २४ तासांच्या बाईचे २४ हजार सांगितले. त्यावर रविवारी सगळे बसले आणि मी नोकरी सोडायची असं ठरल्यासारखंच झालं. मिस्टर म्हणाले, “तुझ्या पगारात ब्युरोची बाईसुद्धा येत नाही. आणि तू तर नर्सच आहेस, बाहेरच्या बाईपेक्षा चांगलं करशील.” जाऊबाई बँकेत आहेत, त्यांचं नावही कोणी काढलं नाही. नणंद पुण्याला असते.

सासूबाईंनी माझी दोन्ही बाळंतपणं काढली. माझी नाईट असली की मुलं त्यांच्याच कुशीत झोपायची. त्यामुळे नाही म्हणायला जीभ रेटत नाही. पण रात्री झोप लागत नाही. माझं काम खरंच एवढ्याच किमतीचं आहे का? नोकरी सोडू का?

— एक सिस्टर, नाशिक

उत्तर

ताई,

नोकरी सोडू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं निवांत वाचता येईल. सासूबाईंचं नीट होईल, तुम्ही त्यांच्याशी कृतघ्न ठरणार नाही, आणि घरही मोडणार नाही. फक्त रविवारच्या त्या बैठकीत जो हिशेब झाला तो चुकीचा होता, तो पुन्हा मांडायला हवा.

आधी तुमचा पहिला प्रश्न, कारण दुसऱ्याचं उत्तर त्यातच अडकलंय. तुमचं काम १७,५०० रुपयांचं आहे का?

तुम्ही रात्री तीन वाजता काय करत असता ते घरातल्यांनी कधी पाहिलेलं नाही. चार खाटा. एकाला व्हेंटिलेटर, दुसऱ्याला बीपी टिकवायचं औषध, नॉरअ‍ॅड, चालू, तिसरा ऑपरेशन होऊन आलेला, चौथा बेशुद्धीत हात झटकून नळ्या ओढणारा. बीपी खाली यायला लागलं की पंपाचा रेट कितीने वाढवायचा, डॉक्टरांना आत्ता उठवायचं की दहा मिनिटं वाट पाहायची, हे तुम्ही ठरवता. तासाची लघवी ५० वरून ४० आणि मग १५ वर आली की किडनी दमते आहे हे तुम्हाला त्या आकड्यांवरूनच कळतं, रिपोर्ट सकाळी येतो. मध्येच नातेवाईक काचेतून खुणा करतो, त्याला धीर द्यायचा. आणि पाठीला जखम होऊ नये म्हणून ८० किलोच्या माणसाला कुशीवर वळवायचं, बहुतेक वेळा मदतीला मावशी एकच. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात आयसीयूत दर पाळीला एका पेशंटमागे एक नर्स धरलेली आहे. तुमच्याकडे चार आहेत.

तुमच्या दिरांच्या कामाला मी कमी लेखत नाही. मशीनला ऑफसेट (मापाची दुरुस्ती) देणं, टूल कधी बदलायचं ते आवाजावरून ओळखणं, मायक्रॉनची चूक झाली तर अख्खा लॉट रिजेक्ट होणार हे डोक्यावर घेऊन आठ तास उभं राहणं, हे कसबाचं काम आहे. पण शिक्षण, जबाबदारी, अंगमेहनत, रात्रपाळी आणि चुकीची किंमत या पाच गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या तर त्यांच्या कामात असं काय आहे जे तुमच्यात नाही? मला तरी सापडत नाही. मग २४,५०० रुपयांचा फरक कुठून आला?

त्यांच्या कंपनीत परमनंट कामगार आहेत, युनियन असेल, दर काही वर्षांनी वेतन करार होत असेल. मशीन बंद पडलं तर मालकाचं नुकसान होतं, त्यामुळे कामगार बोलला की ऐकावं लागतं. तुम्ही काम थांबवलंत तर पहिला फटका पेशंटला बसतो, आणि तुम्ही तसं करणार नाही हे मालकाला पक्कं ठाऊक असतं. तुमची माया वाटाघाटीच्या टेबलावर तुमच्याच विरुद्ध वापरली जाते. हे फार वाईट आहे, आणि आया, पाळणाघरातल्या ताया, अंगणवाडी सेविका, आशाताई, सगळ्यांच्या बाबतीत हेच होतं.

त्याखाली आणखी जुनी गोष्ट आहे. आजारी माणसाला भरवणं, पुसणं, रात्री उठून बघणं हे प्रत्येकाने आपल्या घरात फुकट होताना पाहिलेलं असतं. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणात आपल्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला २९९ मिनिटं त्यात जात होती आणि असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७. जे काम आई, बायको, सून पैसे न घेता करते, त्याची किंमत बाजारात ठरवायची वेळ येते तेव्हा बोली शून्यापासून सुरू होते. तीन वर्षं शिकून, परीक्षा देऊन, कौन्सिलची नोंदणी घेऊन आलेलं कसबसुद्धा मग ‘बायकांना हे जमतंच’ या खात्यात जमा होतं. मिस्टर म्हणाले ना, ‘तू तर नर्सच आहेस’? दिरांना कोणी म्हणतं का, की तू मशीनवरच असतोस तर घरचा पंप, गिरणी, शेजाऱ्यांची मोटर सगळं फुकट करत जा?

तुमच्या ब्रदरलाही या कमी भावाचा फटका बसतो. त्याचे १९,५०० तुमच्यापेक्षा जास्त असले तरी आयसीयूच्या कामाला ते कमीच आहेत. बायकांचं म्हणून ठरलेल्या कामात पुरुष आला तरी त्या कामाचा भाव पडलेलाच राहतो.

म्हणजे इथे दोन वेगळे फरक आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. ते एकमेकांत मिसळू देऊ नका.

पहिला फरक तुमच्यात आणि ब्रदरमध्ये. तोच वॉर्ड, तीच ड्युटी, तुमचा अनुभव दोन वर्षांनी जास्त आणि पगार २,००० नी कमी. हा सरळसरळ कायद्याचा भंग आहे. समान मोबदला कायदा १९७६ पासून आहे. तो आता वेतन संहिता २०१९ मध्ये सामावला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी असेल तर बाई आणि पुरुष म्हणून वेतनात फरक करता येत नाही. ‘त्याला घर चालवायचं असतं’ हे कारण त्यात कुठेच बसत नाही. मॅनेजरांनी तर तोंडाने कबूलच केलं की फरक कामाचा नाही.

यात मुंबईच्याच एका बाईंचं उदाहरण आहे. ऑड्री डिकॉस्टा मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्टेनोग्राफर होत्या. त्याच कंपनीतल्या पुरुष स्टेनोंपेक्षा त्यांना पगार कमी होता. कंपनीने बचाव केला की लेडी स्टेनो हा वर्गच वेगळा आहे, त्या साहेबांना नेमून दिलेल्या असतात. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. काम सारखंच आहे, वेगळ्या वर्गात ठेवलं म्हणून पगार कमी करता येणार नाही, आणि कंपनीची आर्थिक स्थिती बरी नाही हेही कारण चालणार नाही, असं सांगितलं. हा निकाल जवळपास चाळीस वर्षांपूर्वीचा आहे आणि तुमचे मॅनेजर अजून घर चालवण्याचं कारण देतायत.

तुम्ही असं करा. तुमच्या आणि ब्रदरच्या नेमणुकीच्या तारखा, पद, ड्युटी चार्ट आणि पगाराच्या स्लिपा एकत्र करा. ब्रदरला विश्वासात घ्या. समानता आणण्यासाठी त्याचा पगार कमी करायला कायद्याने मनाई आहे, हे त्याला आधी सांगा, म्हणजे तो घाबरणार नाही. मग व्यवस्थापनाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. महिना-दीड महिन्यात उत्तर नाही आलं तर नाशिकच्या कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्या. मागच्या ३ वर्षांपर्यंतची थकबाकी मागता येते. महिना २,००० म्हणजे ३६ महिन्यांचे ७२ हजार होतात. आणि हो, तुमची मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलच्या कपाटात अडकवून ठेवली असतील तर अर्ज देण्याआधी ती परत घ्या. पुष्कळ ठिकाणी ती ठेवून घेतात आणि मग माणूस हलू शकत नाही.

दुसरा फरक तुमच्यात आणि दिरांमध्ये, म्हणजे एका पेशात आणि दुसऱ्या पेशात. इथे आपला कायदा गप्प बसतो. तो सारख्या किंवा त्याच प्रकारच्या कामाची तुलना करतो. नर्स आणि सीएनसी ऑपरेटर यांची तुलना करून दाद मागायला आज आपल्याकडे वाट नाही. खरा मोठा खड्डा तिथेच आहे.

काही ठिकाणी तो भरायचा प्रयत्न झालाय. न्यूझीलंडमध्ये क्रिस्टीन बार्टलेट नावाच्या बाई वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालणं, भरवणं, उचलणं हे काम वीसेक वर्षं करत होत्या आणि तासाला तिथले १४.४६ डॉलर मिळवत होत्या. २०१२ मध्ये त्यांनी युनियनच्या मदतीने दावा लावला. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या आश्रमातल्या मोजक्या पुरुषांनाही एवढेच मिळतात, तेव्हा त्यांच्याशी तुलना करून काय कळणार? हे काम बायकांचं समजलं जातं म्हणूनच सगळ्यांचा दर पडलाय, म्हणून दुसऱ्या क्षेत्रातल्या, तितक्याच कसबाच्या कामाशी तुलना करा. न्यायालयांनी ते मान्य केलं. शेवटी २०१७ मध्ये सरकारने समझोता केला. सुमारे ५५ हजार कामगारांना १५ ते ४९ टक्क्यांपर्यंत वाढ मिळाली, त्यासाठी दोन अब्ज डॉलरची तरतूद झाली. दुःखाची गोष्ट अशी की मे २०२५ मध्ये तिथल्याच सरकारने घाईघाईने कायदा बदलून अशा दाव्यांची अट कडक केली आणि चालू असलेले ३३ दावे रद्द केले. मिळालेलं टिकवायलाही जागं राहावं लागतं.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या महापालिकेतही हेच झालं. कचरा उचलणाऱ्या आणि रस्ते झाडणाऱ्या पुरुषांना बोनस मिळत होते, त्याच श्रेणीतल्या सफाईवाल्या, स्वयंपाकीण आणि रुग्णसेवेतल्या बायकांना नाही. त्या २०१० मध्ये जिंकल्या. थकबाकीचा आकडा इतका फुगत गेला की २०२३ मध्ये पालिकेने खर्च भागत नसल्याचं जाहीर केलं, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणून याच दाव्यांकडे बोट दाखवलं. वर्षानुवर्षं बायकांचे बुडवलेले पैसे कोणाच्या तरी वहीत साचतच असतात.

आपल्याकडे एवढी लांबची वाट नसली तरी तुमच्या पेशापुरता एक दगड रोवलेला आहे, आणि तो बहुतेक सिस्टरांना माहीतच नसतो. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सेसच्या पगाराबद्दल समिती नेमायला केंद्राला सांगितलं. त्या समितीने शिफारस केली की २०० पेक्षा जास्त खाटांच्या हॉस्पिटलात राज्य सरकारच्या नर्सएवढा पगार असावा. १०० च्या वर असतील तिथे तो फार तर १० टक्क्यांनी कमी असावा. ५० ते १०० खाटांच्या ठिकाणी फार तर २५ टक्क्यांनी कमी. आणि ५० च्या खाली असतील तिथेसुद्धा २० हजारांच्या खाली जाऊ नये. तुमचं हॉस्पिटल ६० खाटांचं. महाराष्ट्र सरकारच्या अधिपरिचारिकेचं (स्टाफ नर्सचं) सुरुवातीचं मूळ वेतनच ३५,४०० आहे, महागाई भत्ता वेगळा. त्यातून २५ टक्के वजा केले तरी २६,५५० होतात. ९ वर्षांचा अनुभव मोजलेलाच नाही, तरी तुमच्या हातात त्याहून ९ हजार कमी येतात. सर्वात छोट्या नर्सिंग होमसाठी सांगितलेल्या २० हजारांपर्यंतही तुम्ही पोचलेल्या नाही, आणि तो आकडाही २०१६ सालचा.

ही शिफारस बंधनकारक नाही, राज्याने अंमल करायचा असतो. केरळमध्ये २०१७ मध्ये नर्सेस रस्त्यावर उतरल्या, तेव्हा २०१८ मध्ये तिथल्या सरकारने किमान वेतनाच्या अधिसूचनेत २० हजारांचा पाया घातला. आपल्याकडच्या अंगणवाडी सेविका-मदतनिसांनीही डिसेंबर २०२३ पासून जवळपास पावणेदोन महिने संप केला. केंद्राने २०१८ मध्ये सेविकेचं मानधन महिन्याला ४,५०० आणि मदतनिसेचं २,२५० ठरवलं, त्यावर राज्य आपली भर घालतं. संप होतात आणि ही भर वाढते. त्यांच्याच बाबतीत २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मणिबेन भारिया यांच्या खटल्यात सांगितलं, की सरकार त्याला मानधन म्हणो, ते वेतनच आहे आणि ग्रॅच्युइटी द्यावी लागेल. तीसेक वर्षं काम करूनही ग्रॅच्युइटी न मिळणाऱ्या बायकांना त्यामुळे ती हक्काने मागता आली.

तुम्ही एकट्या मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊ नका. तुमच्याकडे तीन पाळ्यांत मिळून पंधरा-वीस सिस्टर-ब्रदर तरी असतील. सगळ्यांच्या सहीचा एक अर्ज करा, त्यात २०१६ च्या समितीचा उल्लेख करा, खाटांची संख्या लिहा, आणि बिलातल्या त्या ९०० रुपयांचा हिशेब मांडा. चार पेशंट म्हणजे दिवसाचे ३,६००. तीन पाळ्यांत वाटले तर तुमच्या पाळीचे १,२००. महिन्यात २६ ड्युट्या धरल्या तर ३१,२०० रुपये. हे हॉस्पिटल पेशंटकडून तुमच्या कामाच्या नावाने घेतं. त्यातून इन्चार्ज सिस्टरचा पगार, रजेवर गेलेल्यांची बदली, पीएफ वगैरे जाईल, मान्य आहे. पण निम्म्याच्या जवळपास कुठे जातं हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. एका दमात २६ हजार होणार नाहीत. वर्षभरात दोन-तीन टप्प्यांत मागा, आणि टप्पे लेखी घ्या. नऊ वर्षं मुरलेली आयसीयूची नर्स दुसरीकडे गेली तर तिच्या जागी आलेल्या नव्या मुलीला तयार करायला किती महिने लागतात, हे तुमच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. त्यांनाही बोलतं करा.

आता घर.

मिस्टरांनी २४ हजारांतून तुमचे १७,५०० वजा केले आणि घर साडेसहा हजारांनी बुडतंय असा निष्कर्ष काढला. पण ब्युरोच्या बाईचा खर्च तुमच्या एकटीच्या पगारासमोर का मांडला? सासूबाईंना दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. आईवडिलांच्या पालनपोषणाचा २००७ चा केंद्राचा कायदा जबाबदारी मुलगा, मुलगी आणि नातवंडांवर टाकतो, सुनेचं नाव त्यात नाही. तुम्ही कायदा दाखवून भांडावं म्हणून हे सांगत नाही. हिशेबाच्या पहिल्या ओळीत कोणाची नावं यायला हवीत तेवढं स्पष्ट व्हावं म्हणून सांगते. १५ हजार तिघांत वाटले तर प्रत्येकी ५ हजार येतात. २४ हजार वाटले तर ८ हजार. ४२ हजार मिळवणाऱ्या दिरांना आणि बँकेतल्या जाऊबाईंना मिळून हे अवघड नाही. आणि तुमच्या घरचा वाटा मिस्टरांनी द्यायचा, तुम्ही नाही.

तुम्ही घरी बसलात तर काय जातं, तेही बोला. महिन्याचे १७,५०० जातात, वर्षाचे २ लाख १० हजार. पीएफमध्ये तुमचा आणि मालकाचा असा दोन्हीकडून पडणारा पैसा थांबतो. ग्रॅच्युइटीची वर्षं वाढायची थांबतात. सासूबाई देव करो आणि पुष्कळ वर्षं राहोत, पण तुम्ही ४५-४६ व्या वर्षी परत काम शोधायला निघालात तर आयसीयूतली यंत्रं, औषधं, पद्धती बदललेल्या असतील आणि तुम्हाला नव्या मुलीच्या पगारावर उभं करतील. कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरणही मधे येतंच. हे आकडे कागदावर लिहा आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांच्या समोर ठेवा. तोंडी बोललेलं घरात टिकत नाही.

जाऊबाईंचं नाव कोणी काढलं नाही याचा तुम्हाला राग आला असेल. तो त्यांच्यावर काढू नका. त्यांनाही नोकरी सोडायला लावून तुमचं काही भलं होणार नाही. त्यांचा पगार मोठा म्हणून त्या सुटल्या आणि तुमचा लहान म्हणून तुम्ही सापडलात. हॉस्पिटलने तुम्हाला कमी दिलं, आणि त्याच कमीपणाचं कारण पुढे करून घर तुमच्याकडून तेच काम फुकट मागतंय. पुढच्या वेळी जाऊबाई तुमच्या बाजूने एक वाक्य बोलल्या तरी बैठकीचा रंग बदलेल. आधी त्यांच्याशी दोघीच बसून बोला.

सासूबाईंच्या उपकाराबद्दल. त्यांनी तुमची बाळंतपणं काढली, मुलं सांभाळली, तेव्हाच तुम्ही नाईट करू शकलात आणि आज आयसीयूत आहात. त्यांनी जे दिलं ते तुमची नोकरी टिकावी म्हणूनच होतं, नाही का? आज त्यांना नीट बोलता येत नसेल तरी कळत असेल. एक दुपार त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना सांगा की तुम्ही काम सोडणार नाही आणि त्यांना एकटंही सोडणार नाही. माझी खात्री आहे, त्या मान हलवतील. आणि त्या बाईने आयुष्यभर या घरासाठी रात्री जागून काढल्या, त्यांच्या मुलांनी त्यातल्या थोड्या तरी परत करायला हव्यात.

त्यासाठी तुमचं ज्ञान वापरा, पण हात सगळ्यांचे लावा. येत्या रविवारी मिस्टरांना आणि दिरांना सासूबाईंच्या खाटेपाशी उभं करा आणि शिकवा. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, लुळ्या बाजूच्या खांद्याला न ओढता कसं वळवायचं, पाठीखाली उशी कुठे लावायची. नळीतून भरवताना डोकं उंच ठेवायचं, आधी नळी जागेवर आहे ना ते तपासायचं, भरवून झाल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं, ठसका लागला तर ताबडतोब थांबायचं. डायपर बदलताना कातडी लाल झालीय का ते बघायचं. पहिल्यांदा मुलगे संकोचतील, सासूबाईही संकोचतील. डायपर बायकांच्या हातून आणि कूस, भरवणं, फिजिओचे व्यायाम मुलांच्या हातून, अशी सुरुवात केली तरी चालेल. झटक्यानंतरचे पहिले काही महिने व्यायामाला फार मोलाचे असतात, ते फक्त ‘सुनेला वेळ मिळेल तेव्हा’ या भरवशावर सोडू नका. फिजिओथेरपिस्टने दाखवलेले व्यायाम दिवसातून दोनदा, एकदा मिस्टर, एकदा दीर. तुमचं हॉस्पिटलमधलं कसब सगळ्यांना दिसेल ते याच दुपारी.

माझ्या मते १२ तासांची दिवसाची बाई घ्या आणि रात्री वाटून घ्या. आठवड्यात सात रात्री आहेत. मिस्टरांच्या तीन, दिरांच्या दोन, तुमच्या दोन, आणि त्याही फक्त तुमची डे ड्युटी असेल त्या आठवड्यात. नणंदेने पुण्याहून महिन्यातून एक शनिवार-रविवार येऊन राहावं. सततच्या नाईट ड्युट्या घेऊन दिवसा घर सांभाळणं आत्तापासून बंद करा. अशा थकव्यात आयसीयूत इंजेक्शनचा डोस चुकला तर ते कोणालाच भरून काढता येणार नाही.

आणि येणाऱ्या त्या बाईबद्दल एक विनंती. २४ तासांचे २४ हजार म्हणजे दिवसाचे ८०० आणि तासाचे ३३ रुपये, त्यातून ब्युरो आपलं कमिशन कापणार. तिच्या हातात काय पडणार याचा विचार करा. तुमच्या पगाराचं जे दुखणं आहे तेच तिचंही आहे, आणि इथे मालक तुम्ही आहात. ब्युरोला विचारून घ्या की तिला नक्की किती मिळतात, आणि तिलाही वेगळं विचारा. आठवड्याची एक सुटी पहिल्याच दिवशी ठरवून टाका, त्या दिवशी घरातल्यांनी करायचं. दुपारी जेवण आणि पाठ टेकायला तासभर द्या. घरची भांडी, कपडे, मुलांचा डबा तिच्यावर ढकलू नका, ती पेशंटसाठी आलेली असेल. नळीने भरवणं, जखम पुसणं तिला आधीपासून येत असेल तर त्याचे पैसे जास्त द्या. येत नसेल तर तुम्ही शिकवा आणि दोन महिन्यांनी तिचा दर वाढवा. पैसे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, शक्य तर तिच्या खात्यात भरा आणि वहीत तिची सही घ्या.